बाल न्याय मंडळासाठी मुलाचे मानसिक मूल्यमापन : या कामात नव्याने येणाऱ्या तज्ज्ञांसाठी

‘सदर बालकाची मानसिक तपासणी करून अहवाल सादर करावा’ असे बाल न्याय मंडळाचे, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणे पाहणाऱ्या मंडळाचे, पत्र पहिल्यांदा हाती येते, तेव्हा त्या एका ओळीत नेमके काय मागितले आहे, हे बहुतेक मनोविकारतज्ज्ञांना आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञांना कोणी शिकवलेले नसते. उपचारासाठी आणलेल्या मुलाची तपासणी आणि मंडळासाठी करायचे मूल्यमापन यांत प्रश्न वेगळा असतो, उत्तर वाचणारा वेगळा असतो आणि त्या उत्तराचे परिणाम फार वेगळे असतात. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार प्रकरण मंडळाकडेच राहिले, तर मुलाला विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता येते. तेच प्रकरण बाल न्यायालयाकडे गेले आणि तिथे प्रौढ म्हणून खटला चालला, तर कलम २१ ने फक्त फाशी आणि सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप वगळली आहे, बाकी सर्व शिक्षा शक्य राहतात. शिवाय दोषसिद्धीमुळे येणाऱ्या अपात्रतेपासून इतर मुलांना मिळणारे संरक्षणही अशा मुलाला मिळत नाही. या दोन वाटांमधला निर्णय मंडळाचा असला, तरी तो घेताना समोर तुमचा अहवाल असतो. या लेखात मुख्यतः कलम १५ खालच्या प्राथमिक मूल्यांकनाविषयी, म्हणजे या दोन वाटांमधला निर्णय घेण्यासाठी मंडळ मुलाची जी पाहणी करते तिच्याविषयी, लिहिले आहे, कारण नवखा तज्ज्ञ सर्वांत जास्त तिथेच चुकतो.

पत्र नीट वाचा, संदिग्ध असेल तर उलट विचारा

एकाच मजकुराच्या पत्रामागे निरनिराळे हेतू असू शकतात. मंडळाला कलम १५ चे प्राथमिक मूल्यांकन हवे असेल. मूल मानसिक आजारी किंवा व्यसनाधीन वाटल्याने कलम ९३ खाली उपचारासाठी कुठे पाठवावे एवढेच विचारायचे असेल. बौद्धिक अक्षमतेची शंका असेल. किंवा पुनर्वसनाचा आराखडा करण्यासाठी सल्ला हवा असेल. प्रश्न स्पष्ट नसेल, तर मंडळाला लेखी पत्र देऊन तो स्पष्ट करून घ्यावा. तोंडी खुलाशावर काम सुरू करू नये, कारण सहा महिन्यांनी तो खुलासा कोणालाच आठवत नाही. मुलाचे वय ठरवणे हे काम तुमचे नाही. कलम ९४ मध्ये त्याचा क्रम घालून दिलेला आहे : आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच हाडांची तपासणी. ‘मुलगा वयाने मोठा दिसतो’ असे वाक्य मानसिक अहवालात कधीही लिहू नये.

प्राथमिक मूल्यांकन केव्हा होते, हेही माहीत असायला हवे. कथित गुन्ह्याच्या वेळी मुलाने सोळा वर्षे पूर्ण केलेली असली पाहिजेत आणि आरोप कायद्याने ‘निर्घृण’ ठरवलेल्या गुन्ह्याचा, म्हणजे किमान सात वर्षे शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा असला पाहिजे. कमाल शिक्षा सातहून अधिक पण किमान सात वर्षांची अट नाही, असा गुन्हा या वर्गात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केले आणि नंतर कायद्यातही तशी दुरुस्ती झाली. सदोष मनुष्यवध हे त्याचे नेहमीचे उदाहरण. पुण्यात कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये झालेल्या मोटार अपघातानंतर संबंधित मुलाला प्रौढ मानावे अशी मागणी फार जोराने झाली. पोलिसांचा तसा अर्ज मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळला. गुन्ह्याच्या वर्गाविषयी तुम्हाला मत द्यायचे नसते, पण लोकक्षोभ आणि कायद्याची कसोटी यांतले अंतर मनात स्वच्छ असेल, तर वर्तमानपत्रांचा सूर अहवालात उतरत नाही.

याच्या उलट एक परिस्थिती महाराष्ट्रातल्या जिल्ह्याजिल्ह्यांत वारंवार दिसते. सतरा वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांची मुलगी एकमेकांच्या ओढीने घरातून निघून जातात, मुलीचे पालक तक्रार करतात, आणि पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यातल्या दहा वर्षांच्या किमान शिक्षेमुळे प्रकरण आपोआप ‘निर्घृण’ वर्गात जाते. अशा मुलाचे मूल्यमापन करताना कलमाचे वजन पाहून प्रश्न विचारू नयेत. त्या दोघांचे नाते कसे होते, त्यात बळजबरी, धाक किंवा फसवणूक यांची काही चिन्हे आहेत का, दोघांना कायद्याची काय कल्पना होती, हे ‘परिस्थिती’च्या प्रश्नात सविस्तर यायला हवे.

भेटीपूर्वीची कागदपत्रे

परिवीक्षा अधिकाऱ्याचा (प्रोबेशन ऑफिसरचा) सामाजिक तपासणी अहवाल, पोलिसांनी भरलेली सामाजिक पार्श्वभूमीची माहिती, शाळेची कागदपत्रे, पूर्वीच्या उपचारांच्या चिठ्ठ्या आणि एफआयआरची प्रत मंडळाकडून मागून घ्यावी. एफआयआर शेवटी वाचावा, शक्य तर मुलाशी पहिली भेट झाल्यावर, असे माझे मत आहे. आधी तो वाचला की पुढचा प्रत्येक प्रश्न नकळत तपास अधिकाऱ्याचा होतो. सामाजिक तपासणी अहवालही डोळे झाकून स्वीकारू नये. तो कधी घरी प्रत्यक्ष जाऊन, शेजाऱ्यांशी बोलून लिहिलेला असतो, तर कधी छापील नमुन्यातल्या चौकटी भरून.

या अहवालांत जातीजमातीविषयी काय लिहिले आहे, इकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो. पारधी किंवा इतर विमुक्त समाजातल्या मुलाविषयी ‘गुन्हेगारी पार्श्वभूमी असलेला समाज’ असे शब्द अजूनही कागदावर उतरतात. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने मारलेला तो शिक्का १९५२ मध्ये कायद्यातून गेला. तो तुमच्या अहवालात परत येता कामा नये, आणि पोलिसांनी या मुलाला पूर्वी केवळ संशयावरून किती वेळा उचलले होते, हे मात्र विचारून घ्यावे, कारण त्याचा त्याच्या वागण्याशी आणि मोठ्यांवरच्या विश्वासाशी थेट संबंध असतो.

जागा, वेळ आणि सोबत

मुलाला निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असताना त्याला जिथे ठेवतात तिथे, भेटणे बहुधा सोयीचे ठरते. खोलीत पोलीस नसावा, दाराशी गणवेशातला शिपाई बसलेला नसावा, आणि अधीक्षक किंवा काळजीवाहक ऐकू येईल इतक्या जवळ नसावेत. मंडळासमोर हजर केल्याच्या दिवशी तपासणी ठेवू नये, कारण त्या दिवशी मूल थकलेले, घाबरलेले आणि बहुधा उपाशी असते. एका बैठकीवर अहवाल लिहू नये. निदान दोन भेटी वेगवेगळ्या दिवशी व्हाव्यात आणि त्याशिवाय पालकांची स्वतंत्र मुलाखत व्हावी. आई आणि वडील यांच्याशी वेगवेगळे बोलल्याशिवाय घरातली मारझोड सहसा बाहेर येत नाही.

मूल गोरमाटी, गोंडी, पारधी बोली किंवा भोजपुरी बोलणारे असेल, तर तुमचे कामचलाऊ मराठी-हिंदी पुरेसे मानू नका. दुभाषी मंडळामार्फत किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत मागवावा. दुसऱ्या मुलाला किंवा पोलिसाला दुभाषी करू नये. निरीक्षणगृहात आल्यानंतरचे पहिले काही दिवस व्यसन तुटल्याचा त्रास होत असतो, हेही ध्यानात ठेवावे. व्हाइटनर, सोल्यूशन, गांजा किंवा रस्त्यावर ‘बटण’, ‘कुत्ता गोळी’ म्हणून मिळणाऱ्या झोपेच्या गोळ्या घेणारा मुलगा त्या दिवसांत चिडका, सुस्त किंवा गोंधळलेला दिसू शकतो. त्या अवस्थेत घेतलेली बुद्धिमापन चाचणी निरुपयोगी आहे.

पहिली पाच मिनिटे

मुलाशी बोलायला सुरुवात करण्याआधी आपण कोण, कशासाठी आलो आणि त्याने सांगितलेले कोण वाचणार, हे त्याच्या भाषेत सांगणे हे कर्तव्य आहे. डॉक्टर म्हटले की मूल विश्वासाने बोलते, आणि तो विश्वास इथे अंशतः गैरसमजावर उभा असतो. साधारण अशा शब्दांत सांगता येईल : ‘मी डॉक्टर आहे, पण आज मी तुझ्यावर उपचार करण्यासाठी नाही, तर मंडळातल्या मॅडम आणि सरांना तुझ्याविषयी माहिती देण्यासाठी तुझ्याशी बोलणार आहे. तू जे सांगशील त्यातले महत्त्वाचे मी लिहून त्यांना देणार आहे. एखाद्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे नसेल तर नको देऊस, त्यासाठी कोणी रागावणार नाही. आता मी काय म्हणालो, ते तू मला सांग बघू.’ शेवटचे वाक्य सोडू नये. मुलाने ते आपल्या शब्दांत सांगितले, ते जसेच्या तसे नोंदवावे, कारण तुम्ही त्याला कल्पना दिली होती आणि त्याला ती कळली होती, याचा तोच पुरावा असतो.

गोपनीयतेची आणखी एक मर्यादा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बोलता बोलता मुलाने स्वतःवर झालेल्या लैंगिक अत्याचाराची माहिती दिली, तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे तुम्हाला बंधनकारक आहे. हे मुलाला आधीच सोप्या शब्दांत सांगितलेले असावे. नंतर कळले तर त्याला ती फसवणूक वाटते, आणि त्याच्या दृष्टीने ती असतेही.

मुलाखतीचा क्रम

घटनेपासून सुरुवात करू नये. जन्म, आजारपण, डोक्याला झालेल्या इजा, फेफरे, बोलणे-चालणे केव्हा सुरू झाले, शाळेत कुठल्या इयत्तेत अडला, वाचता येते का, शाळा केव्हा आणि का सुटली, कामाला कुठे आणि कितव्या वर्षी लागला, घरात कोण कमावते, कोण दारू पिते, कोण मारते, मित्र कोण आणि त्यांतले वयाने मोठे किती, असा मार्ग धरावा. शाळा सुटल्याचे वर्ष आणि कामाला लागल्याचे वर्ष यांच्यामध्ये घरात काय घडले, हे शोधले की पुष्कळदा सगळ्या प्रकरणाचा धागा सापडतो. त्यानंतर मानसिक अवस्थेची रीतसर तपासणी करावी : झोप, भूक, उदासी, भीती, भास, विचारांतला गोंधळ आणि आत्महत्येचे विचार.

आत्महत्येचे विचार, भास किंवा झटके आढळले, तर अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी अधीक्षकांना आणि मंडळाला लेखी कळवावे. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत आणि गोव्यात बांबोळीची मनोचिकित्सा व मानवी वर्तन संस्था आहे. तिथवर जाण्याची गरज नसेल, तर जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागात सोय होते. मूल्यमापन करणारा आणि उपचार करणारा शक्यतो एकच नसावा.

घटनेविषयी किती विचारावे हा या कामातला सर्वांत नाजूक भाग आहे. कलम १५ च्या स्पष्टीकरणात कायद्यानेच म्हटले आहे की प्राथमिक मूल्यांकन हा खटला नाही, आणि कलम ३ मधील पहिलेच तत्त्व मुलाच्या निर्दोषत्वाच्या गृहीतकाचे आहे. त्यामुळे ‘हे तू केलेस का?’ हा प्रश्न तुमचा नाही. त्या सुमारास त्याचे दिवस कसे जात होते, तो कोणाबरोबर असे, नशेत असे का, कोणाचा दबाव होता का, एवढ्यावर थांबता येते. मुलाने आपण होऊन काही सांगितले, तर ऐकून घ्यावे, पण त्याची कबुली अहवालाचा निष्कर्ष म्हणून लिहू नये. मुलाने आरोप नाकारला, तर त्याला ‘पश्चात्ताप नाही’ असे कधीही लिहू नये. आरोप नाकारणाऱ्याने पश्चात्ताप दाखवावा, ही अपेक्षाच तर्काला धरून नाही.

तीन प्रश्नांची तीन वेगळी उत्तरे

कायदा तीन गोष्टी विचारतो : असा गुन्हा करण्याची मानसिक व शारीरिक क्षमता, त्याचे परिणाम समजण्याची कुवत, आणि तो ज्या परिस्थितीत झाला असे म्हटले आहे ती परिस्थिती. नवखे तज्ज्ञ पहिल्याचे उत्तर बुद्ध्यंकाने देतात, तेच दुसऱ्यालाही लावतात आणि तिसऱ्याला दोन ओळींत उरकतात. ‘बुद्ध्यंक ९२, मानसिक आजार नाही, सबब मुलास परिणामांची जाण आहे’ ही ओळ दिसायला शास्त्रीय आहे, पण ती निष्कर्षावर उडी मारते. सरासरी बुद्धिमत्ता आणि आजाराचा अभाव यांवरून एवढेच सिद्ध होते की मुलाला बौद्धिक अक्षमता नाही आणि तपासणीच्या दिवशी मानसिक आजार आढळला नाही. सोळा-सतरा वर्षांच्या बहुसंख्य मुलांविषयी हेच म्हणता येईल. तेवढ्यावर प्रौढत्व ठरणार असेल, तर या मुलांना वेगळा कायदा करण्याची गरजच नव्हती.

गुरुग्राममधील एका शाळेतल्या २०१७ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १३ जुलै २०२२ रोजी दिलेला निकाल या कामात येणाऱ्या प्रत्येकाने मुळातून वाचावा. मानसिक क्षमता आणि परिणाम समजण्याची कुवत या एकच गोष्टी नाहीत आणि कायद्यात ‘परिणाम’ हे अनेकवचनी आहेत, याकडे न्यायालयाने त्यात लक्ष वेधले. मंडळात बालमानसशास्त्र किंवा बालमनोविकारशास्त्राची पदवी असलेला व्यावसायिक नसेल, तर तज्ज्ञांची मदत घेणे मंडळावर बंधनकारक आहे, असेही ठरवले. त्यानंतर राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतील ‘संवाद’ या उपक्रमानेही या मूल्यमापनाविषयी साहित्य व प्रशिक्षण दिलेले आहे. काम सुरू करण्यापूर्वी ते पाहून ठेवावे.

परिणामांची जाण म्हणजे ‘पोलीस पकडतात’ एवढे माहीत असणे नव्हे. समोरच्या व्यक्तीच्या शरीरावर, तिच्या घरावर, स्वतःच्या शिक्षणावर, आईवडिलांवर, लोकांत आपल्याकडे पाहण्याच्या दृष्टीवर आणि कायद्याने पुढच्या वर्षांवर काय होईल, हे मुलाला किती आणि कसे दिसते, हे एकेक करून विचारावे. शिवाय शांत खोलीत, एकटा बसून, मोठ्या माणसाच्या प्रश्नाला मुलगा जे उत्तर देतो, ते त्याच्या विचाराच्या सर्वांत चांगल्या क्षणाचे असते. मित्रांच्या घोळक्यात, रागात, भीतीत किंवा नशेत तोच मुलगा तसा विचार करू शकत नाही. मेंदूतला आवेग आवरणारा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो, हे आता सर्वमान्य ज्ञान आहे. ते अहवालात सामान्य विधान म्हणून न लिहिता या मुलाच्या बाबतीत त्याची काय चिन्हे दिसली, ते लिहावे.

एक अडचण मात्र कितीही काळजी घेतली तरी सुटत नाही. तुम्ही आज तपासत आहात आणि प्रश्न मागच्या एका दिवसाविषयी आहे. मधल्या काळात मुलाने पोलिसांचे, वकिलांचे, निरीक्षणगृहातल्या थोराड मुलांचे बोलणे ऐकलेले असते आणि कलमांची नावेही त्याला पाठ झालेली असतात. आजची ही जाण त्या दिवशी होती असे धरता येत नाही, आणि हे अहवालात स्पष्ट लिहिणे हा प्रामाणिकपणाचा भाग आहे. मूल्यांकन पूर्ण करण्यासाठी मुलाला पहिल्यांदा हजर केल्यापासून तीन महिन्यांची मुदत आहे. ती अनिवार्य नसून मार्गदर्शक आहे असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये म्हटले. तरीही तुमच्याकडून उशीर होऊ देऊ नका, कारण प्रत्येक आठवड्याने हे अंतर वाढते आणि अनेकदा मूल तेवढे दिवस बंदिस्त राहते.

परिस्थितीच्या प्रश्नाला अहवालातली सर्वांत जास्त जागा मिळाली पाहिजे. इथे घटनेच्या दिवसाचा तपशील कमी आणि त्या दिवसापर्यंतचे आयुष्य जास्त यायला हवे : उपेक्षा, मारहाण, लैंगिक अत्याचार, शाळेने काढून टाकणे, व्यसन, मोठ्यांनी वापरून घेणे, उपचार न झालेली अतिचंचलता किंवा अध्ययन अक्षमता.

चाचण्या

मराठी मुलांसाठी बिने-कामत चाचणी उपयोगी पडते, कारण कामतांनी ती मराठी आणि कन्नड मुलांवरच प्रमाणित केली होती. मात्र तिचे निकष जुने आहेत, हे नमूद करावे. नागपूरला काम केलेल्या मॅलिन यांची भारतीय मुलांसाठीची बुद्धिमापन श्रेणी पंधरा वर्षांपर्यंतच लागू आहे, त्यामुळे कलम १५ च्या प्रकरणांत ती वापरणेच चूक ठरते. फारसे न शिकलेल्या मुलासाठी रेव्हनच्या आकृत्या (शब्दांऐवजी आकृत्यांवर आधारलेली बुद्धिमापन चाचणी) आणि व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीचे नागपूर रूपांतर यांची जोड द्यावी. कोणतीही चाचणी ‘गुन्हा करण्याची क्षमता’ मोजत नाही. समाजविघातक व्यक्तिमत्त्वाचे निदान अमेरिकी वर्गीकरणानुसारही अठरा वर्षांखाली करता येत नाही, आणि आचरणविकाराचे निदान करताना त्याचा शिक्का म्हणून वापर होणार नाही याची काळजी घ्यावी.

अहवाल लिहिताना

वाचक कायद्याचे आणि समाजकार्याचे लोक आहेत, म्हणून साध्या भाषेत लिहावे. कोणाला, कधी, किती वेळ, कुठल्या भाषेत भेटलो. कोणती कागदपत्रे पाहिली आणि कोणती मिळाली नाहीत. मुलाने काय सांगितले, पालकांनी काय सांगितले आणि मी काय पाहिले, हे वेगवेगळे ठेवावे. निष्कर्ष निरीक्षणातून आला आहे हे दिसले पाहिजे. ‘मुलगा उद्धट व गुन्हेगारी वृत्तीचा आहे’ असे न लिहिता ‘पहिल्या भेटीत मुलाने प्रश्नांना एका शब्दात उत्तरे दिली, नजर टाळली, दुसऱ्या भेटीत वडिलांच्या मारहाणीविषयी बोलताना तो रडला’ असे लिहावे. ‘प्रौढ म्हणून खटला चालवावा’ किंवा ‘चालवू नये’ अशी शिफारस करणे हे तुमचे काम नाही. समुपदेशन, व्यसनमुक्ती, शाळेत पुन्हा प्रवेश, कुटुंबाला आधार याविषयीच्या शिफारसी मात्र अवश्य कराव्यात. त्या नेमक्या असतील तरच परिवीक्षा अधिकारी त्यांवर काही करू शकतो.

मंडळाने प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवले, तर तिथे बाल न्याय अधिनियमाच्या कलम १९ खाली प्रौढ म्हणून खटल्याची गरज आहे का हे पुन्हा पाहिले जाते, आणि मंडळाच्या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येते. त्या अपिलात न्यायालय तुमच्याखेरीज दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेऊ शकते. म्हणून हस्तलिखित टिपणे आणि चाचण्यांच्या उत्तरपत्रिका जपून ठेवाव्यात; साक्षीला बोलावले, तर उलटतपासणी बहुधा त्यांवरच होते, आणि ‘हे मला सांगता येणार नाही’ हे उत्तर साक्षीत देणे पूर्णपणे योग्य आहे. कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे आणि कलम ९९ नुसार त्याच्याविषयीचे अहवाल गोपनीय आहेत. अहवाल बंद लिफाफ्यात थेट मंडळाच्या कार्यालयात द्यावा आणि पोच घ्यावी. व्हॉट्सॲपवर कोणालाही, अगदी तपास अधिकाऱ्यालाही, त्याचा फोटो पाठवू नये.